'डोंबिवली फास्ट'चा दिग्दर्शक आणि आमचा सुशिक्षित समाज

गेल्या काही वर्षांत ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या पांढरपेशा वस्तीत एका नव्या रसिकतेचा उदय झाला आहे. सकाळच्या लोकलमध्ये ज्यास कोपर टेकण्यापुरती जागा मिळाली, तो तरुण हातातील फोनवर कोरियन मालिका पाहण्यात गढून गेलेला असतो. आणि सायंकाळी तो घरी परतला म्हणजे तीच मालिका पुढे पाहण्यास घरातील वडीलधारी मंडळीही त्याच्या शेजारी येऊन बसतात. या गोष्टीस आमचा काडीइतकाही विरोध नाही. परभाषेतील उत्तम कृती आपल्या माजघरापर्यंत यावी, यात वाईट ते काय? शेक्सपिअर व मोलिएर यांना मराठी रंगभूमीवर मराठी पोशाखात उभे करणाऱ्या पिढ्यांचे आम्ही वारस आहोत, आणि त्या वारशाची आम्हांस लाज वाटत नाही. आमची तक्रार निराळी आहे. दूरच्या डोंगराचे वर्णन तोंडपाठ करणाऱ्यास स्वतःच्या अंगणातील झाड कोणी लावले हे ठाऊक नसावे, ही ती तक्रार होय.

मागे डोंबिवलीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरी बसलो असता त्यांच्या चिरंजीवांनी बोंग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाची सारी कारकीर्द आम्हांस क्रमवार सांगितली. कोणत्या साली कोणता चित्रपट निघाला, कोणास कोणते पारितोषिक मिळाले, कोणत्या प्रसंगात जिन्याचा उपयोग कसा केला आहे, हे सर्व त्याने मोठ्या समरसतेने कथन केले. आम्हांस खरोखर कौतुक वाटले. बोलता बोलता आम्ही सहज विचारले, "आणि 'डोंबिवली फास्ट' कोणी काढला, ते सांग पाहू?" चिरंजीव क्षणभर थबकले व म्हणाले, "काका, तो संदीप कुलकर्णींचा ना?" आमचे स्नेही अभिमानाने उद्गारले, "अहो, तो तर आमच्या स्टेशनवरचा पिक्चर!" नट ठाऊक, स्टेशन ठाऊक, दिग्दर्शक मात्र कोणासच ठाऊक नाही. ज्या गावाचे नाव त्याने चित्रपटाच्या कपाळी लिहिले, त्या गावाने त्याचे नाव स्मरणात ठेवण्याचीही तसदी घेतली नव्हती.

त्या दिग्दर्शकाचे नाव निशिकांत कामत. १९७० साली जन्मलेला हा कलावंत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबाद येथे, अवघ्या पन्नासाव्या वर्षी निवर्तला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोंग यांच्या 'पॅरासाइट'ने ऑस्करची चार पारितोषिके पटकावली होती. बोंग यांचा जन्म १९६९ चा. म्हणजे दोघे एकाच पिढीचे, वयाने वर्षाच्या आतबाहेर. एकाची कारकीर्द चढत जाऊन शिखरास पोहोचली, दुसऱ्याची आडवाटेने जाऊन अर्ध्यातच खुंटली. हा केवळ प्रतिभेच्या न्यूनाधिक्याचा प्रश्न आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. आमचे स्पष्ट मत असे की, या दोन कारकिर्दींतील अंतराचा मोठा हिस्सा त्या त्या समाजाच्या खाती मांडावा लागेल. आणि आमच्या खात्यावर जी बाकी निघते ती भूषणावह नाही.

प्रथम कामतांच्या कामाचा हिशेब पाहू. २००५ ते २०१६ या अकरा वर्षांत त्यांनी आठ चित्रपट दिग्दर्शित केले. पहिला 'डोंबिवली फास्ट' (२००५). त्यास त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. दुसरा 'एवनो ओरुवन' (२००७), म्हणजे त्याच कथेचे तमिळ रूप. माधवनसारख्या नामांकित नटाने त्यात मराठी आपट्याच्या जागी तमिळ नायक उभा केला. तिसरा 'मुंबई मेरी जान' (२००८). ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत जे सात बाँबस्फोट झाले, त्यांनंतर या शहरातील पाच निरनिराळ्या माणसांच्या मनाचे काय झाले, याचा तो शोध होता. पुढे 'फोर्स' (२०११), 'लय भारी' (२०१४), 'दृश्यम' (२०१५), 'रॉकी हँडसम' (२०१६) आणि 'मदारी' (२०१६). यांपैकी 'फोर्स' मूळ तमिळ, 'दृश्यम' मूळ मल्याळम आणि 'रॉकी हँडसम' मूळ कोरियन. स्वतःच्याच कथेची तमिळ आवृत्ती धरली तर आठांपैकी चार चित्रपट पुनर्निर्मितीचे भरतात; आणि मराठी चित्रपट भरतात केवळ दोन. ज्याच्या पहिल्याच कृतीस राष्ट्रीय सन्मान मिळाला, त्याने मातृभाषेत दुसरा चित्रपट काढण्यास नऊ वर्षे लावावीत, हा आकडा कोणाही विचारी मनुष्यास अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही.

या आकड्यावर आमच्या सुशिक्षित मंडळींची ठराविक उत्तरे आहेत, आणि ती आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा क्रमही आता पाठ झाला आहे. पहिले उत्तर असे की, 'डोंबिवली फास्ट' ही मुळी नक्कल होती. १९९३ च्या 'फॉलिंग डाउन' या अमेरिकन चित्रपटावरून ती उचलली. तेव्हा इतके गोडवे गाण्याचे कारण नाही. दुसरे असे की, कामत पैशांसाठी हिंदीत गेले; त्यांनीच मराठीस सोडले, मराठीने त्यांस नव्हे. तिसरे असे की, हातात बॅट घेऊन लोकांस झोडपत सुटणारा नायक ही बेकायदेशीरपणाची भलामण आहे, व सुसंस्कृत कुटुंबांनी ती डोक्यावर घेणे योग्य नाही. या तिन्ही आक्षेपांची आम्ही एकेक करून वासलात लावणार आहोत.

दोन्ही चित्रपटांत साम्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. दोहोंतही एक मध्यमवर्गीय, मध्यमवयीन गृहस्थ एके दिवशी भडकतो आणि शहरभर हिंडत आपला संताप ओतीत जातो. परंतु दोन कलाकृतींचा सांगाडा सारखा असणे आणि आत्मा सारखा असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे रसग्रहणाच्या पहिल्या पाठातच शिकवितात. अमेरिकन नायक हा नोकरी गेलेला, संसार मोडलेला मनुष्य आहे. जे आपले होते ते हिरावले गेले, याचा त्यास राग आहे. आणि तो राग पहिल्यांदा कोणावर निघतो? एका कोरियन दुकानदारावर. शीतपेयाच्या एका डब्याच्या किमतीवरून! त्याच्या आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये उसळलेल्या दंगलीत कोरियन लोकांची दुकाने जळाली होती. साहजिकच अमेरिकेतील कोरियन समाजाने त्या प्रसंगाविरुद्ध आवाज उठविला. परका दिसणारा मनुष्य समोर उभा करून स्वकीयांच्या संतापास वाट करून देणे, ही जगातील सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त युक्ती होय.

आता माधव आपटे पाहा. त्याची नोकरी आहे, तीही बँकेतील. बायको आहे, मुलेबाळे आहेत, डोंबिवलीत घर आहे. त्याचे काहीही हिरावले गेलेले नाही. त्याच्यापाशी मागितली जात आहे ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. थोडी वाकव, थोडी गहाण टाक, 'चालायचेच' म्हण, एवढेच त्यास चहूकडून सांगितले जात आहे. त्याच्याही वाटेत शीतपेयावर छापील किमतीपेक्षा अधिक पैसे मागणारा दुकानदार येतो. परंतु तो परका नव्हे, तो आपल्यातलाच, नाक्यावरचा, ओळखीच्या चेहऱ्याचा आहे. आपटे ज्यांच्यावर बॅट उगारतो ते सारे या समाजाचेच घटक आहेत. मुंबईत आणि महाराष्ट्रात 'बाहेरच्या'वर खापर फोडणे किती सोपे होते, किती टाळ्यांचे होते, हे २००५ साली कोणास ठाऊक नव्हते? कामतांनी ती टाळी नाकारली. ज्याने मूळ कृतीतील सर्वांत हीन धागा ओळखून तो कापला आणि संतापाचे तोंड स्वकीयांकडे वळविले, त्यास नक्कलखोर म्हणणाऱ्यांनी नकलेचा अर्थ कोशात पाहून घ्यावा.

तिसरा आक्षेप याच ओघात निकालात काढू. आपटे हा अनुकरणीय पुरुष आहे असे चित्रपट कोठेही सांगत नाही. उलट त्याच्या पाठीवर कामतांनी सुभाष अनासपुरे या पोलीस अधिकाऱ्यास धाडले आहे. या अधिकाऱ्यास आपट्याची तडफड पूर्णपणे कळते, आणि तरीही त्यास पकडणे हे आपले कर्तव्य आहे हेही कळते. या दोघांमधील ताण हाच चित्रपटाचा कणा होय. कायदा हातात घेणाऱ्याचा शेवट सुखाचा नाही, आणि कायदा पाळणाऱ्याचे मनही शांत नाही. यातून जो बेकायदेशीरपणाचा उपदेश काढतो, त्याने चित्रपट डोळे मिटून पाहिला असला पाहिजे. खरी गोष्ट अशी आहे की, आमच्या मंडळींस हा चित्रपट बेकायदेशीर वाटला नाही. तो त्यांस गैरसोयीचा वाटला. कारण आपट्याच्या बॅटीचा रोख मंत्र्यावर वा गुंडावर जितका होता, त्याहून अधिक तो मुकाट्याने रांग मोडणाऱ्यावर, लाच देणाऱ्यावर आणि देऊन वर तिची तक्रार करणाऱ्यावर होता. म्हणजे प्रेक्षागृहातील खुर्चीत बसलेल्यावर होता.

आणि आम्ही काय केले? आम्ही त्या चित्रपटास आपल्या कैवाराचा दाखला समजलो! 'आमच्या डोंबिवलीकरांचे हाल पाहा,' असे म्हणून आम्ही सद्गदित झालो. आरोपपत्र वाचून दाखविले जात असता आरोपीने ते मानपत्र समजून टाळ्या पिटाव्यात, असा तो प्रकार होता. चित्रपटाचे नाव लोकांच्या तोंडी बसले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, विनोदांत, गाडीतील गप्पांत ते सर्वत्र वापरले जाऊ लागले. नाव राहिले, प्रश्न गेला.

तो प्रश्न किती जिवंत होता, याचे उत्तर वीस वर्षांनी रेल्वेच्या रुळांवर मिळाले. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्यानजीकच्या वळणावर, भरून वाहणाऱ्या लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले व त्यांतील काहींचा प्राण गेला. या देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्या मार्गाचा हा वर्तमानकाळ आहे. त्या आठवड्यात ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक घरात संताप होता, हे आम्ही साक्षीदार म्हणून सांगतो. परंतु पुढच्या आठवड्यात? पुढच्या आठवड्यात चौथ्या सीटवर कोणी बसावे याविषयीचे जुने तंटे पूर्ववत सुरू झाले; ठरावीक टोळक्यांनी आपापल्या जागा पूर्ववत अडविल्या; आणि दारातल्यांनी डब्यात शिरू पाहणाऱ्यास पूर्ववत बाहेर लोटले. दोष रेल्वेचा नाही असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो आहेच, आणि मोठा आहे. पण माधव आपटे याच डब्यातून प्रवास करीत होता, आणि त्यास छळणाऱ्यांत त्याचे सहप्रवासीही होते, हे विसरून चालणार नाही.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ. कारण तोच सर्वांत वजनदार आहे. कामत पैशांसाठी गेले, असे म्हणतात. आम्ही विचारतो, दिग्दर्शकाने काय खावे? चित्रपट ही कविता नव्हे की वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून ठेवावी. तिला छायाचित्रक लागतो, नट लागतात, महिनोन्महिने शेकडो माणसांची रोजी लागते. ती रक्कम जो घालतो त्यास ती परत मिळण्याची आशा हवी. आणि ती आशा देणे हे प्रेक्षकाचे काम आहे. 'श्वास' २००४ साली ऑस्करकरिता भारतातर्फे निवडला गेला, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीच्या खर्चासाठी महाराष्ट्रभर वर्गणी गोळा झाली. तो उत्साह स्तुत्य होता. परंतु त्यातच आमचा स्वभावही उघडा पडला. परदेशी पारितोषिकासाठी वर्गणी देण्यास आम्ही तत्पर. पण गावातील चित्रगृहात शुक्रवारी सायंकाळी तिकीट काढून बसण्यास आम्हांस सवड नसते. देवळाच्या कळसास सोने देणारे आणि पुजाऱ्यास उपाशी ठेवणारे असे दुसरे भक्त जगात क्वचितच आढळतील.

येथे कोरियाचे उदाहरण खरोखर घ्यावयाचे आहे, केवळ कौतुकापुरते नव्हे. बोंग यांचा पहिला चित्रपट २००० साली आला व धंद्याच्या दृष्टीने पडला. तरीही २००३ साली त्यांस दुसरा काढावयास मिळाला. 'मेमरीज ऑफ मर्डर' हा तो चित्रपट. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासोंग या ग्रामीण भागात स्त्रियांच्या ज्या खुनांची मालिका झाली, तिचा तपास करण्यात पोलीस कसे अपयशी ठरले, त्यांनी निरपराध्यांस कसे मारझोड करून कबुलीजबाब घेतले, आणि त्या काळची हुकूमशाही सत्ता आपले मनुष्यबळ खुनी शोधण्यापेक्षा निदर्शने दडपण्यात कसे खर्ची घालीत होती, याचे ते चित्रण होते. म्हणजे 'डोंबिवली फास्ट'प्रमाणेच स्वसमाजावरील आरोपपत्र! कोरियन प्रेक्षकाने त्याचे काय केले? तो लाखोंच्या संख्येने चित्रगृहांत गेला. त्या वर्षी कोरियात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रपटांत या चित्रपटाची गणना झाली. खरा खुनी कोण हे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हाही लोकांस प्रथम आठवण झाली ती या चित्रपटाची. पुढे २००६ साली बोंग यांचा 'द होस्ट' आला. तो एक कोटी तीस लाख तिकिटांपर्यंत गेला. आणि त्या देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत होती!

यावर कोणी म्हणेल की, कोरियन सरकारने कायद्याचे कवच दिले होते. होय, दिले होते. तेथील प्रत्येक चित्रगृहास वर्षातून १४६ दिवस स्वदेशी चित्रपट दाखविणे बंधनकारक होते. परंतु अमेरिकेशी व्यापारी करार करण्याच्या घाईत २००६ साली ते दिवस निम्म्यावर, म्हणजे ७३ वर आणले गेले. कलावंत रस्त्यावर उतरले, तरी सरकार बधले नाही. आणि गंमत अशी की, 'द होस्ट'ने विक्रम केला तो नेमका त्याच वर्षी. आमच्याकडेही २०१५ साली राज्य सरकारने बहुपडदा चित्रगृहांत मराठी चित्रपटास मोक्याच्या वेळेचा खेळ मिळावा म्हणून आदेशाची भाषा केली. कायद्याने पडदा मिळतो. प्रेक्षक मिळत नाही. रिकाम्या खुर्च्यांस कोणत्याही अधिसूचनेने माणसे चिकटविता येत नाहीत.

भाषेच्या लहानपणाची सबब तर आम्ही ऐकूनही घेणार नाही. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक आठ कोटी तीस लाख आहेत. सबंध दक्षिण कोरियाची वस्ती सुमारे पाच कोटी. चित्रपटाच्या धंद्यात आम्ही मागाहून आलो, असेही नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. कोरियात चित्रपटनिर्मितीचा आरंभ १९१९ साली धरतात. म्हणजे आम्ही त्यांच्यापुढे सहा वर्षे होतो. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, तेव्हा कोरिया जपानच्या टाचेखाली होता. पुढे त्या देशाची फाळणी झाली, युद्धात तो बेचिराख झाला, नंतर हुकूमशाहीच्या कात्रीने त्याचे चित्रपट वर्षानुवर्षे कापले गेले. इतके सारे सोसून ज्यांनी आपल्या दिग्दर्शकांस जगविले, त्यांच्या मालिका पाहून आम्ही रात्री जागवितो. आणि सकाळी उठून म्हणतो, मराठीला मार्केट नाही!

बोंग यांनीही परभाषेत चित्रपट केले, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. 'स्नोपिअर्सर' (२०१३) हा बव्हंशी इंग्रजी, आणि 'ओक्जा' (२०१७) मध्ये अमेरिकन नटांचा भरणा. त्यांस कोणी घरबुडवा म्हटले नाही. परंतु ते परत आले आणि स्वभाषेत 'पॅरासाइट' काढला; कारण परत येण्यास घर होते. कामतही एकदा परतले. २०१४ साली 'लय भारी' आला. आमच्या प्रेक्षकाने तो अक्षरशः डोक्यावर घेतला. तोवरच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या मराठी चित्रपटांत त्याची गणना झाली. रितेश देशमुखांच्या दुहेरी भूमिका, पंढरीची पार्श्वभूमी, अजय-अतुल यांचे संगीत. करमणूक म्हणून त्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण दोन चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहा. अन्यायावर प्रहार करणारा पुरुष दोहोंतही आहे. एकात तो साधा कारकून आहे व प्रहाराची किंमत स्वतः मोजतो. दुसऱ्यात तो अजिंक्य वीर आहे, आणि किंमत फक्त खलपुरुषांनी मोजावयाची असते. पहिल्याने आम्हांस प्रश्न विचारला. आम्ही त्याची वाखाणणी केली आणि विसरलो. दुसऱ्याने आम्हांस काहीच विचारले नाही. त्यावर आम्ही पैशांचा पाऊस पाडला. घरी परतलेल्या कलावंतास आम्ही हा धडा शिकविला, आणि मग तो पुन्हा हिंदीत गेला म्हणून नाके मुरडली!

आम्ही कामतांचे वकीलपत्र घेतलेले नाही. तेव्हा त्यांच्या पदरीचे माप त्यांच्या पदरी घालणेही प्राप्त आहे. 'फोर्स' हा नेटका पण परप्रकाशी चित्रपट. 'रॉकी हँडसम'चे अपयश तर उघड आहे. ली जोंग-बोम यांचा मूळ चित्रपट २०१० साली कोरियात त्या वर्षीचा सर्वाधिक चाललेला स्वदेशी चित्रपट ठरला होता. त्याचे बळ मारामारीत नव्हते. गहाणवटीचे दुकान चालविणारा एक मुखस्तंभ मनुष्य आणि शेजारची एक उपेक्षित मुलगी यांच्यातील अबोल माया, हे त्याचे बळ होते. हिंदी रूपात कथा गोव्यास आली, हाणामारी तंतोतंत आली, खुद्द कामतांनी खलनायकाची भूमिकाही झोकात केली. पण ते मौन मात्र विमानात चढलेच नाही. ज्याने 'फॉलिंग डाउन'चा सांगाडा घेऊन त्यात डोंबिवलीचा प्राण फुंकला होता, त्याच हाताने कोरियन देह आणला आणि प्राण तेथेच ठेवला. याहून मोठी शोकांतिका आम्हांस दाखविता येणार नाही. अनुकरण हा त्यांचा दोष नव्हता; मुळाशी नाते जडेल अशी माती पायांखाली नसणे, हे त्यांचे दुर्दैव होते.

कारण माती जेथे जेथे मिळाली, तेथे तेथे हा कलावंत पुन्हा जिवंत झालेला दिसतो. 'मुंबई मेरी जान'मधील निवृत्तीस टेकलेला हवालदार तुकाराम पाटील पाहावा. साऱ्या नोकरीत आपण काहीच केले नाही, हे ज्यास उशिरा उमगले आहे, असा तो आपट्याचाच थोरला भाऊ होय. 'दृश्यम'मधील चौथी इयत्ता शिकलेला केबलवाला विजय साळगावकर सबंध पोलीसखात्यास पुरून उरतो. 'मदारी'मधील बाप पूल कोसळून मेलेल्या मुलाचा जाब सरकारास विचारतो. राज्ययंत्रणेपुढे उभा ठाकलेला एकटा, सामान्य, संसारी मनुष्य हाच कामतांचा आजन्म विषय होता. तो विषय त्यांस आमच्याच फलाटावर सापडला होता. अकरा वर्षे ते तो परभाषांतून, परक्या कथांतून धुंडीत राहिले. आणि ज्यांची ती कथा होती ते आम्ही मुंबईची जलद गाडी पकडण्याच्या गडबडीत होतो.

आता हे सारे उगाळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. गेलेला मनुष्य परत येत नाही, आणि श्राद्धाच्या दिवशी भांडण उकरून काढण्याची हौस आम्हांस नाही. परंतु आज, हा लेख आपण वाचीत असता, कल्याणच्या वा दिव्याच्या फलाटावर एखादी मुलगी अथवा मुलगा पिशवीत पटकथा घेऊन उभा असेल. त्याच्या कथेत डोंबिवलीचे रसायनांचे कारखाने असतील, ठाण्याच्या चाळी पाडून उठलेले मनोरे असतील, टिटवाळ्याहून पहाटेची गाडी धरणारी कामकरी स्त्री असेल. तो आमची स्तुती करणार नाही. त्याचे आम्ही काय करणार आहोत, हा आजचा प्रश्न आहे.

आमच्या या पट्ट्यास संस्थांचे दारिद्र्य नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलने थाटाने भरली. गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीने १९९९ पासून साऱ्या महाराष्ट्रास शिकविली. इतके सामर्थ्य असलेल्या समाजाने महिन्यातून एक सायंकाळ एखाद्या गंभीर मराठी चित्रपटास द्यावी, तो सहकुटुंब तिकीट काढून पाहावा, आणि मागाहून वाचनालयाच्या दालनात त्याविषयी रोखठोक वाद घालावा, ही अपेक्षा अवास्तव आहे काय? चित्रपट रुचला नाही तर तसे सांगावे, कठोर सांगावे. कलावंतास टीका मारीत नाही. त्यास मारते ती पाठ थोपटून पाठ फिरविण्याची आमची रीत.

आणि एक विनंती त्या कोरियन मालिकांच्या चाहत्यांस. त्या जरूर पाहा. परंतु त्या पाहताना हेही ध्यानी घ्या की, ज्या प्रेक्षकाने त्या मातीत तो वृक्ष वाढविला, तो प्रेक्षक परदेशी कौतुकाची वाट पाहत बसला नव्हता. कान व लॉस एंजेलिस येथील जगाने टाळ्या वाजविण्यापूर्वी कित्येक वर्षे तो सेऊलच्या चित्रगृहात जाऊन बसला होता. स्वतःवरील आरोपपत्र, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या पैशाने ऐकत. बोंग जून-हो यांचे नाव आमच्या मुलांस पाठ आहे, ते त्या प्रेक्षकाच्या पुण्याईने. निशिकांत कामत हे नाव त्यांस ठाऊक नाही, याचे पाप कोणाच्या माथी जाते, हे सांगण्याची आता आवश्यकता राहिली आहे असे आम्हांस वाटत नाही.